टीकॅस आहे, मग कंट्रोलर कशाला?

सध्या एक मेसेज खूप फिरतोय. ‘प्रत्येक विमानात टक्कर टाळणारं यंत्र (टीकॅस) असतं. हरियाणातल्या चरखी दादरीला कंट्रोलर (जमिनीवरून विमानांना सूचना देणारा) असूनही टक्कर झालीच. आकाश एवढं मोठं असताना मुंबईवर मात्र हे लोक विमानांना उगाच घिरट्या घालायला लावतात.’

आधी चरखी दादरी, कारण तिथे 349 माणसं गेली आणि त्यांच्या नावावर काहीही खपवलेलं मला सहन होत नाही. 12 नोव्हेंबर 1996 ची संध्याकाळ. सौदीचं बोइंग 747 दिल्लीहून वर चढत होतं, कझाकस्तानचं इल्युशिन 76 दिल्लीकडे उतरत होतं. कंट्रोलरने सौदी विमानाला 14 हजार फुटांवर थांबवलं, कझाक विमानाला 15 हजारांपर्यंतच उतरायला सांगितलं. समोरून विमान येतंय, हेही कळवलं. मधलं हजार फुटांचं अंतर नियमाप्रमाणेच होतं. तरी कझाक विमान खाली आलं. चौकशी करणाऱ्या लाहोटी आयोगाने दोष त्याच्या वैमानिकांवर ठेवला.

कंट्रोलरला हे दिसलं का नाही? त्याच्या पडद्यावर नुसता ठिपका होता. त्या रडारला उंची कळतच नव्हती. त्यात येणाऱ्या-जाणाऱ्या विमानांची वाटही एकच, कारण बाजूचं बरंचसं आकाश हवाई दलाकडे होतं. माणूस होता, पण त्याच्या हातात साधनं नव्हती. पुढे उंची दाखवणारं रडार आलं, वाटा वेगळ्या झाल्या आणि टीकॅसही सक्तीचं झालं. ते तेव्हा असतं तर बहुधा हे लोक वाचले असते, हे मी मान्य करतो.

पण टीकॅस बोलतं ते अगदी शेवटी, टक्कर अर्ध्या मिनिटावर आली की. ‘वर जा’ किंवा ‘खाली जा’ एवढंच ते सांगतं. डावी-उजवीकडे वळवत नाही. समोरच्या विमानाचा ट्रान्सपॉन्डर, म्हणजे उत्तरादाखल आपली ओळख आणि उंची कळवणारं यंत्र, बंद असेल तर त्याला ते विमान दिसतच नाही. आणि जमिनीपासून साधारण हजार फुटांच्या आत ते असा आदेशच देत नाही. म्हणजे उतरण्याचा शेवटचा टप्पा त्याच्या भरवशावर नाहीच.

1 जुलै 2002 ला जर्मनीत उबरलिंगनवर दोन्ही विमानांत टीकॅस होतं. जमिनीवर एकच कंट्रोलर दोन पडद्यांवर काम करत होता, आणि धोक्याचा इशारा देणारी यंत्रणा दुरुस्तीसाठी अर्धवट बंद होती. त्याच्या लक्षात आलं तेव्हा मिनिटभरही उरलं नव्हतं. त्याने रशियन विमानाला खाली जायला सांगितलं, त्याच विमानातलं यंत्र वर जा म्हणत होतं. वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकलं. 71 जण गेले. आता अशा वेळी यंत्राचंच ऐकायचं, असा स्पष्ट नियम आहे. पण यंत्रावर वेळ आली ती जमिनीवर माणसं कमी ठेवल्यामुळे.

राहिलं मुंबई. आकाश मोठं आहे, धावपट्ट्या मात्र दोनच, आणि त्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. शिवाय बोइंग 777 सारख्या अवजड विमानामागे हवेत भोवरे राहतात. त्याच्या मागून उतरणाऱ्या ए320 सारख्या मध्यम विमानाला 5 नॉटिकल मैल, म्हणजे 9 किलोमीटरहून जास्त, मागे ठेवावं लागतं. मागची विमानं तोवर एकावर एक, हजार हजार फुटांच्या अंतराने फिरत राहतात. सर्वांत खालचं सुटलं की वरची प्रत्येकी एक पायरी खाली येतात.