तार मारलीय, तिकडनं जाता येत नाही आता

रविवारी सकाळी साडेसहाला घरातनं निघालो, साडेअकराला डोकं फिरवून परत आलो, आणि आता रात्री दहा वाजता मोज्यातली कुसळं काढत काढत हे टाईप करतोय, त्यामुळं शुद्धलेखनाच्या चुका कुणी काढू नका, मी आज कुणाचं ऐकून घ्यायच्या मूडमधे नाही.

साताऱ्याच्या बाजूचीच डोंगराची एक सोंड आहे. नाव सांगत नाही, सांगितलं की पुढच्या रविवारी तिथं चाळीस गाड्या आणि दोन ड्रोन. किल्ला नाही, कडा नाही, दोर लावायची भानगड नाही. आधी माळ, मग एक टेपाड, मग सपाटी, परत थोडं उतरून खिंड, आणि खिंडीतनं वर चढलं की पठार, संपला विषय. शाळेतलं पोरगं आणि सत्तरीची आजी दोघंही गप्पा मारत जातील असा गरीब डोंगर. मी नववीत असल्यापासून जातोय, माझे आजोबा त्याच वाटेनं पलीकडच्या गावच्या जत्रेला जायचे, डोक्यावर नारळाची पिशवी आणि पायात करकर वाजणारी पायताणं. म्हणजे ती वाट काय आम्ही शोधून काढलेली नाही, ती होतीच.

तर आज पहिल्या टेपाडाच्या पायथ्याला गेलो आणि समोर सिमेंटचे खांब. पाच पदरी काटेरी तार, त्याला आतनं हिरवी जाळी. मागच्या महिन्यात काहीच नव्हतं राव! आणि सगळ्यात डोक्यात काय गेलं सांगू, वाट तशीच दिसत होती. तारेच्या अलीकडं दोन पावलांची पांढरट पट्टी, मधे तार, आणि पलीकडं तीच पट्टी जशीच्या तशी वर चढत गेलेली, फक्त दहा-बारा फुटांवर तिच्यावरनं चुन्याची आडवी रेघ मारून प्लॉट पाडलेला. कुणाच्या तरी भावी बेडरूममधनं जात असणार आता ती. शेजारी मोठा बोर्ड, निसर्गाच्या सान्निध्यात एनए (म्हणजे बिगरशेती) प्लॉट वगैरे, आणि खाली बारीक अक्षरात ‘ट्रेकिंग ट्रेल अगदी शेजारी’. अरे शेजारी कुठली, तुझ्या पोटात गेलीय ती!

गेटवर एक वॉचमन मामा बसलेले. शेजारच्याच वाडीतले, मी ओळखतो त्यांना, आधी गुरं घेऊन वर दिसायचे.

‘कुणाकडं जायचंय?’ मला विचारतायत.

‘कुणाकडं नाही मामा, डोंगरावर.’

‘डोंगरावर कोण ऱ्हातंय?’

आता याच्यावर काय बोलायचं माणसानं? मग स्वतःच हसले आणि हळूच म्हणाले, ‘मी बी हिकडनंच ढोरं न्यायचो की बाळा, पर आता पगार ह्येंचा घेतोय न्हवं. तार मारलीय, तिकडनं जाता येत न्हाय आता. गाडीनं जा की त्या अंगानं, डांबरी झालीय.’

गाडीनं जा. हे वाक्य मी ह्या वर्षात किती वेळा ऐकलंय याची मोजदादच नाही. आमच्याकडं डोंगर म्हणजे गाडी वर न्यायची जागा झालीय. अजिंक्यताऱ्यावर सकाळी चालायला जावं तर दरवाजापर्यंत डांबरी, मागनं हॉर्न. यवतेश्वरच्या घाटात तर रविवारी चालणारा माणूस म्हणजे रस्त्यात आडवा आलेला प्राणी. सज्जनगडाला परळीवरनं पायी चढलो असं सांगितलं तर लोक विचारतात नवस होता का. गाडीला एक रस्ता आहे म्हटल्यावर पायाला दुसरी वाट कशाला, असंच झालंय सगळ्यांच्या डोक्यात. आणि गंमत अशी की हेच लोक घरी आल्यावर मोबाईलमधे दहा हजार स्टेप झाल्या का बघतात.

तर गाडीनं जायचं नाही म्हणून आम्ही तिघांनी मोबाईल काढला. कुणीतरी अॅपवर त्याच डोंगराचा ट्रॅक टाकलेला, खाली शेरा ‘सोपा, कुटुंबासह जाण्यासारखा’. त्या माणसाचं कुटुंब बहुतेक रानडुकराचं असावं. पहिला अर्धा तास घाणेरीतनं. ज्यांना घाणेरी माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, दिसायला रंगीबेरंगी फुलांचं झुडूप, पण एकदा आत शिरलात की शर्ट पुढं जातो आणि तुम्ही मागं राहता. त्यातनं सुटलो तर करवंदाच्या जाळ्या. ती निळी रेघ मात्र स्क्रीनवर एकदम ऐटीत सरळ चाललेली. माझा मित्र म्हणाला हा ट्रॅक पाऊस पडायच्या आधी मे महिन्यात केलेला असणार, आणि बरोबर आहे त्याचं. मे महिन्यात आमचा डोंगर टकला असतो, कुठनंही कुठंही जा. दिवाळीच्या आसपास तिथंच कमरेएवढं गवत. ट्रॅक टाकताना महिना लिहावा एवढी अक्कल नाही, पण फोटो छत्तीस आणि त्यातल्या तीसमधे स्वतः.

तेवढ्यात झाडाला बांधलेली लाल रिबीन दिसली. आनंद झाला, म्हटलं कुणीतरी खूण केलीय. रिबीन, मग दगडावर ऑइलपेंटचा बाण, मग परत रिबीन, असं करत वीस मिनिटं गेलो आणि गोल फिरून जिथनं निघालो तिथंच. कुणीतरी डोंगरावर पळायची स्पर्धा घेतलेली, पाच किलोमीटरचा लूप, आणि स्पर्धा झाल्यावर बक्षिसं वाटून घरी गेले, रिबिनी आणि बाण आम्हाला. दगडावर ऑइलपेंट लावणाऱ्याला मी एकदा भेटणार आहे. गुराखी दोन-तीन दगड एकावर एक रचून ठेवतात, त्यांचं कुणाला ओझं होत नाही, पाच पिढ्या पुरतं.

शेवटी डोळ्यांनी अंदाज घेत खिंडीच्या वर आलो आणि तिथं तो कट. पठारावर जेसीबीनं नवा रस्ता काढलाय, कशासाठी ते माहीत नाही, वर काही नाहीचे, प्लॉटच असणार. रस्ता काढताना डोंगर कापला की एका बाजूला भिंत तयार होते. आमची वाट त्या भिंतीच्या टोकापर्यंत नीट येते आणि तिथं हवेत संपते. मी कडेला बसून खाली बघितलं. दोन पुरुष उंचीचा सरळ तुटका मुरूम, त्यातनं लोंबणारी गवताची मुळं, आणि खाली रस्त्याच्या पलीकडं वाट परत सुरू, जणू मधे काही झालंच नाही. कुठं दोन पायऱ्या ठेवल्या असत्या, दगड रचले असते, फार काय त्या जेसीबीवाल्यानं बकेट तिरकी फिरवली असती तरी उतार झाला असता. अर्ध्या तासाचं काम. पण पायवाट त्याच्या कागदावर नाही ना, मग ती नाहीच. चाळकेवाडीच्या पठारावर पवनचक्क्यांसाठी रस्ते झाले तेव्हा तिकडं पण हाच प्रकार बघितलाय, पण तिथं निदान वीज तरी तयार होते. इथं काय तयार होणार, वीकेंडची पार्टी?

बसून उतरलो. म्हणजे घसरलो. पँट फाटली, त्यावर नंतर येतो.

आता कागदाचं. कागदावर नाही असं जे म्हणतात ना, ते खोटं आहे. जुना गाव नकाशा काढून बघा. गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेनं दाखवलेला असतो आणि पायवाट एकेरी तुटक रेषेनं, आणि त्या एकेरी रेषेलासुद्धा सव्वाआठ फूट रुंदी धरलेली आहे. सव्वाआठ फूट! आम्ही दोन पावलांची मागतोय. आमच्यातल्या एकानं मागं दुसऱ्या एका वाटेसाठी नकाशा काढला, रेषा सापडली, कागद घेऊन एका कार्यालयात गेला. तिथल्या साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं, पाणी दिलं आणि विचारलं, ‘तुमची जमीन कुठल्या गटात आहे?’ जमीन नाही म्हणाला. ‘मग तुमची अडवणूक कशी झाली?’

आणि दुःख हे, की कायद्यानं त्यांचं चुकत नाही. मामलेदार कोर्ट कायदा १९०६ चा, कलम ५ खाली अडवलेली वहिवाट मोकळी करून मागता येते, पण ती शेताकडं किंवा चराईच्या जमिनीकडं जाणारी, आणि अडवल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा करायला लागतो. १९६६ च्या जमीन महसूल संहितेतलं कलम १४३, बांधावरनं रस्ता, ते पण जमीनवाल्यालाच. २०२५ मधे शासनानं शेतरस्ते तीन-चार मीटर रुंद करून सातबाऱ्याच्या इतर हक्कात नोंदवायचं ठरवलं, चांगलं केलं, ट्रॅक्टर जाईल, हार्वेस्टर जाईल. शेतकऱ्याला रस्ता मिळालाच पाहिजे, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण नुसताच चालणारा माणूस, ज्याच्याकडं ना गट नंबर ना बैल, तो कुठल्या कलमात बसतो?

आधी हे प्रश्न पडत नव्हते कारण वर गुरं जायची. गुरांची वाट कोण अडवणार, गाव अंगावर येईल. आता दूध डेअरीला घालायचं म्हणून संकरित गाई गोठ्यात बांधलेल्या, वैरण विकत, गुराखी पोरं कामाला एमआयडीसीत. गुरं बंद झाली की दोन पावसाळ्यात वाट गवतात बुडते, आणि बुडाली की तार मारणारा म्हणतो इथं वाट कुठाय, दाखवा. कासच्या फुलांच्या पठाराचं बघा ना. २०१२ ला जागतिक वारसा यादीत नाव आलं, गर्दी वाढली, फुलं वाचवायला कुंपण घातलं, आणि काही वर्षांनी कुंपणच काढायला लागलं कारण गुरांचं चरणं थांबल्यावर गवत माजलं आणि फुलांना जागा उरेना. हे मी नाही म्हणत, तिथल्या म्हाताऱ्यांनी आधीच सांगितलेलं, पण म्हाताऱ्यांचं ऐकतंय कोण.

माझा मावसभाऊ इंग्लंडला असतो, तो मुद्दाम मला जळवायला फोटो पाठवतो. आमच्यासारखेच बुटके हिरवे डोंगर, आणि चालायची वाट चक्क एकाच्या उभ्या गव्हातनं गेलेली, बांधाला चढउतार करायला लाकडी पायरी, बाजूला पाटी. शेत मालकाचं, वाट सगळ्यांची, अशी सरकारी नकाशात नोंद, अडवली तर मालकालाच नोटीस. मी म्हटलं नशीबवान आहात. तर म्हणाला नशीब कसलं, डोंगरांवर मोकळं फिरायला मिळावं म्हणून १९३२ मधे किंडर स्काउट नावाच्या डोंगरावर शेकडो लोक बंदी मोडून चढले होते, बहुतेक कामगार पोरं, त्यातली पाच जेलमधे गेली. आमच्या ग्रुपवर मी हे टाकलं. एकोणीस अंगठे आले. पुढच्या रविवारी तारेपाशी किती जण येताय विचारलं, तर एकाचं लग्न, एकाची बायको माहेरी, एकाचा गुडघा.

पँटचं सांगतो म्हणालो होतो. संध्याकाळी टेलरकडं गेलो, माझी ट्रेकची पँट तोच शिवतो कायम. त्यानं ती टेबलावर पसरली, जुनी दोन ठिगळं बोटानं दाबून बघितली आणि नव्या फाटलेल्या जागेत बोट घालून म्हणाला, ‘ही घसरून फाटलेली दिसतीय. ती दोन?’

म्हटलं ती तारेची, वेगवेगळ्या डोंगरांची.

‘मग आता जाड कापड लावू का आतनं?’

लाव म्हटलं. बुधवारी देतो म्हणालाय.