सायलेन्सरच्या रागात कारागिरी चिरडू नका

महाराष्ट्रात जप्त केलेले बुलेटचे सायलेन्सर पोलिसांनी रोड रोलरखाली चिरडले की आमच्या मंडळींमध्ये एकच सूर निघतो : गाडीत फेरफार करणारा प्रत्येक जण उपद्रवी, त्याला वेसण घातलीच पाहिजे. रात्री-अपरात्री कानठळ्या बसवत जाणाऱ्यांचा मलाही संताप येतो. मात्र दक्षिण कॅलिफोर्नियात राहून हॉट रॉड जवळून पाहिल्यावर हे सरसकट मत मला पटेनासे झाले आहे.

हॉट रॉड म्हणजे मुळात स्वस्तात मिळालेली जुनी फोर्ड, जिला हलकी आणि वेगवान करण्यासाठी इथल्या तरुणांनी १९३०-४०च्या दशकांत अंगणात सोलून काढले आणि म्यूरॉक, एल मिराजसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाटीवर पळवले. त्यांतली सर्वांत लाडकी १९३२ची. त्या वर्षी फोर्डने ६५ अश्वशक्तीचे व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांचे, इंजिन सामान्यांच्या आवाक्यात आणले; पण तिचे देखणेपण आहे ते चासीत, म्हणजे गाडीच्या खालच्या सांगाड्यात. या गाडीच्या चासीची बाजू बाहेरून दिसावी अशीच घडवलेली आहे, तिच्यावर दाबून उमटवलेली एक वळणदार रेघ पुढून मागे धावते, आणि म्हणून मडगार्ड काढून टाकले तरी गाडी उघडीबोडकी न दिसता उलट रेखीव दिसते. टप कापून खाली घेतलेला, पुढचा अॅक्सल (चाके जोडणारा दांडा) वाकवून नाक झुकवलेले, मागची चाके पुढच्यांपेक्षा मोठी : उभी असतानाही ती झेपावण्याच्या बेतात वाटते. टप कापणे हे तर खरे कसबाचे काम, कारण टप पेलणारे खांब तिरके असल्याने मधला तुकडा काढल्यावर वरचा आणि खालचा भाग एकमेकांवर बसत नाहीत, आणि तो फरक पत्र्यात जिरवावा लागतो.

या छंदाला इथल्या कायद्याने मोकाट सोडलेले नाही. स्वतः बांधलेल्या गाडीचे ब्रेक आणि दिवे तपासून घ्यावे लागतात; धूरचाचणीत गाडी बांधल्याचे साल न धरता, तिचा घाट किंवा इंजिन ज्या सालातले आहे ते साल धरण्याची सवलत राज्यात वर्षाला फक्त ५०० गाड्यांना मिळते.

आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आणि सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल यांमुळे, सीएनजी बसवण्यासारखे मोजके अपवाद सोडले, तर निर्मात्याच्या मूळ तपशिलात बदल करता येत नाही. २०२१च्या नियमांनी पन्नास वर्षांवरील गाड्यांना व्हिंटेज म्हणून नोंदणी दिली, तीही चासी, बॉडी, इंजिनात मोठा फेरफार नसेल तरच. जुने जपणाऱ्याची सोय झाली, हे चांगलेच झाले. नवे घडवणाऱ्यासाठी मात्र आरटीओत अर्ज करण्याची खिडकीच नाही. आवाजाची मर्यादा मोडणाऱ्याला जबर दंड करा, आणि त्याच आरटीओत ब्रेक, स्टिअरिंग, वेल्डिंग, धूर व आवाज तपासून घरी बांधलेल्या गाड्या मोजक्या संख्येने नोंदवायला सुरुवात करा. कोल्हापूर-पुण्यातल्या गॅरेजांत पत्र्यावर हात बसलेले कारागीर आजही आहेत, आणि या तपासणीला ते आनंदाने उभे राहतील.