घड्याळ कोणत्या वारी थांबलं

“युद्धात माणसं मरणारच. इतक्या वर्षांनी हाडं उकरून काय मिळतं?” परवा जवळच्याच एका माणसानं हे विचारलं आणि तेव्हापासून डोक्यातून जात नाहीये.

स्रेब्रेनित्सा, बोस्निया. संयुक्त राष्ट्रांनी ‘सुरक्षित क्षेत्र’ म्हणून जाहीर केलेलं गाव. जुलै १९९५ मध्ये बोस्नियन सर्ब सैन्यानं ते घेतलं आणि काही दिवसांत ८,००० हून अधिक मुस्लिम पुरुष आणि पोरं मारून पुरली. दोनेक महिन्यांनी बुलडोझर आणून तेच खड्डे उपसले, प्रेतं लांब नेऊन पुन्हा पुरली. एकाच माणसाची हाडं दोन-तीन ठिकाणी विखुरली.

वर म्हणायचं काय, तर हे सगळे लढाईत मेले!

मग हेगच्या न्यायाधिकरणाचे, म्हणजे माजी युगोस्लावियातल्या युद्धगुन्ह्यांसाठी संयुक्त राष्ट्रांनी नेमलेल्या न्यायालयाचे, तपासनीस मातीत उतरले. कोझलुक गावाजवळ बाटल्या भरण्याच्या कारखान्याचा काचकचरा टाकायची जागा होती, तिथे माणसं मारली होती. तीच हिरवी काच, तीच लेबलं मैलोन् मैल दूरच्या खड्ड्यात प्रेतांबरोबर सापडली. हात बांधलेले, डोळ्यांवर पट्ट्या. हात बांधून कोण लढतं?

आणि घड्याळं. माझ्या बाबांचं होतं तसलीच, ऑटोमॅटिक, वार-तारीख दाखवणारी. मनगट हलतंय तोवर चालतात, मग दीड-दोन दिवसांत बंद. खड्ड्यातल्या कितीतरी घड्याळांवर जुलैच्या मध्यातलेच वार होते. हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी बाबांचं घड्याळ कपाटातून काढून हातात धरून बसले होते.

उशीर फार झाला, हे मलाही छळतं. सर्बियाचा तेव्हाचा अध्यक्ष मिलोशेविच २००६ मध्ये निकालाआधीच कोठडीत मेला. बोस्नियन सर्ब सैन्याचा प्रमुख म्लादिच तब्बल १६ वर्षं लपला, २०११ मध्ये सापडला, जन्मठेप झाली. पण न्यायाधिकरणानं आरोप ठेवलेल्या १६१ जणांपैकी शेवटी एकही फरारी उरला नाही. आज कुणी “असं घडलंच नाही” म्हणालं, तर त्याच्यासमोर ठेवायला ती काच आहे, ती घड्याळं आहेत. आज जिथे जिथे युद्ध चालू आहे तिथे तपासनिसांना आत सोडा, असं मी घसा फोडून म्हणते ते याचसाठी.

नातेवाइकांनी रक्ताचे नमुने दिले, डीएनए जुळवून जवळपास ७,००० जणांची ओळख पटली. दरवर्षी ११ जुलैला स्रेब्रेनित्साजवळच्या पोटोचारीतल्या स्मारक-दफनभूमीत नव्यानं ओळख पटलेल्यांचं दफन होतं. काही आयांच्या हाती मुलाची दोन-चारच हाडं येतात. तेवढीच पुरायची की आणखी मिळेपर्यंत थांबायचं, हे त्या आईनं ठरवायचं. पुरल्यानंतर आणखी सापडली, तर कबर पुन्हा उघडतात.