'शेफार' पटला, 'ओथंब' नाही

'फायनल फँटसी ७' या व्हिडिओ गेममधल्या सेफिरोथ या खलनायकाचं नाव 'शेफारणे' आणि 'ओथंबणे' यांतून आलं, ही तुमच्या लेखातली गमतीची व्युत्पत्ती. त्यातला 'शेफार' झकास! डोक्यावर चढून बसलेल्या खलनायकाला याहून नेमका मराठी धातू सापडणार नाही. पण 'ओथंब' तोडून फक्त 'ओथ' घेतलात तिथं गाडी अडली. धातू मध्येच कापला की कानाला लगेच कळतं आणि गंमत निसटते. शिवाय तो 'थ' इंग्रजी स्पेलिंगमुळं आलेला. १९९७ च्या मूळ जपानी खेळात नाव 'सेफिरोसु' असं आहे, 'थ' नाहीच.

त्यापेक्षा आपल्या बेळगाव-खानापूर-निपाणीकडं दुसरा तुकडा कन्नडमधून घ्यावा. 'ओडु' म्हणजे पळ. 'शेफार-ओडु': शेफारलाय, पळ! दोन्ही शब्द अख्खे राहतात, आणि इकडं बाजारात अर्धं वाक्य मराठीत, अर्धं कन्नडमध्ये बोलणाऱ्याला अर्थ सांगत बसावं लागत नाही. 'थ' चा 'ड' होतो खरा, पण अख्ख्या शब्दासाठी एवढी सूट चालते.

खऱ्या व्युत्पत्तीतली मजा मात्र लेखात राहूनच गेली. हिब्रूत 'सेफिरा' एकवचन, 'सेफिरोत' अनेकवचन. कब्बाला या यहुदी गूढवादी परंपरेतल्या दहा दैवी आविष्कारांना हा शब्द आहे. म्हणजे एकट्या खलनायकाचं नाव मुळातच अनेकवचनी. मराठीत त्याला आदरार्थी बहुवचनच लावायला हवं: सेफिरोथ आला नव्हे, सेफिरोथ आले!