कासव, वय वर्षं ४३

शनिवारी शाळेच्या टॅबवर मला कासव मिळालं. चित्रातलं, हिरवं, चष्मा लावलेलं, खाली लिहिलेलं 'हळूहळू शिकू या!' वय वर्षं ४३, राहणार घोडबंदर रोड, आज मंगळवार उजाडला तरी डोकं काही शांत होत नाहीये.

पोराच्या शाळेने यंदा पाचवीपासून टॅब कंपल्सरी केलाय, त्याचं पालकांसाठी ओरिएंटेशन होतं. पोरांच्याच बाकांवर, पोरांच्याच लॉगिनने, दहा प्रश्नांची क्विझ, शेवटी मार्कांप्रमाणे प्राणी. आणि आदल्याच दिवशी लोणच्याच्या कैऱ्या फोडताना माझं उजव्या हाताचं पहिलं बोट कापलेलं, त्याला ही जाडजूड पट्टी. आता हल्लीच्या स्क्रीनला दाब कळत नाही, कातडीच लागते, पट्टीच्या आतलं बोट त्याच्या लेखी नसतंच. मी आपला दार वाजवल्यासारखा टकटक करतोय.

शेजारच्या बाकावर नातवाच्या वतीने एक आजोबा आले होते. रिटायर्ड बँक कॅशियर, ३४ वर्षं काउंटरला, हे त्यांनी बसायच्या आधीच सांगून टाकलं. बाकात मावेनात म्हणून आडवे बसले, पाय पॅसेजमध्ये, मांडीवर ओली छत्री. टॅब घेतला, उलटा केला, नोट बघतात तसा ट्यूबलाइटकडे धरला, सरळ केला, आणि बोट जिभेला लावून पहिला प्रश्न सरकवला. सरकला की हो! माझा अजून जागेवर.

"आजोबा, ओलं बोट नको प्लीज," मिस धावत आल्या.

"कोरड्या बोटाने दोन नोटा एकदम जातात, बाई."

"इथे नोटा नाहीयेत, आजोबा."

"टॅबचे पैसे घेतलेत ना? मग आहेत की."

मिस गप्प. आजोबांनी पुन्हा बोट जिभेला लावलं, उत्तर दाबलं आणि हात पुढे केला.

"पोच?"

"सबमिट झालं की हिरवी टिक येते."

"ती तुमच्याकडे राहिली. माझ्याकडे काय?"

"सिस्टीममध्ये सेव्ह असतं ना!"

"सिस्टीमला मी ओळखत नाही. तुम्हाला ओळखतो." मग खिशातून लग्नपत्रिकेचं पाकीट काढलं, पाठीवर एक ते दहा आकडे घातले, प्रत्येकापुढे उत्तर लिहिलं आणि खाली मिसची सही घेतली, तारखेसकट. मी फिदीफिदी हसलो. ते हसू आता मला नडतंय.

तसं बघितलं तर थुंकी लावून पाटी पुसणाऱ्या पिढीला टॅबचं काय नवल. २०११ मध्ये सरकारने तो स्वस्तातला 'आकाश' टॅब काढला होता, कपिल सिब्बल मंत्री असताना, आठवतंय? लोकांनी केवढी टिंगल केली त्याची, स्क्रीन जोर लावून दाबायला लागते म्हणून. नख, पेनाचं टोपण, काहीही चालायचं त्याला. म्हणजे माझी पट्टीसुद्धा चालली असती. मीही तेव्हा हसलो होतो. हसण्याच्या बाबतीत माझं टायमिंग एकंदर वाईटच.

तर सहावा प्रश्न. भारतातली पहिली प्रवासी रेल्वे कोणत्या वर्षी धावली? अहो, १६ एप्रिल १८५३, बोरीबंदर ते ठाणे, हे आम्हा ठाणेकरांना बाळगुटीतून पाजतात. १८५३ वर पट्टीने दाबलं, ढिम्म. जोर लावला, करंगळी खाली टेकली आणि १९५३ सबमिट झालं. तेही प्रोजेक्टरवर, पोराच्या नावासकट. मागून कोणीतरी 'आईशप्पथ' म्हणालं. आजोबा वाकून म्हणाले, "अहो, तुम्ही ठाण्याचेच ना?"

आठव्या प्रश्नाला वायफाय गेलं. परत आलं तेव्हा आजोबांचे मार्क शून्य आणि माझे चार. आजोबांनी शांतपणे पाकीट पुढे केलं, मिसनी सही बघून दहाच्या दहा उत्तरं हाताने भरली, आजोबांना सिंह. मी म्हटलं, माझंही करा ना, बोट बघा माझं. तर आयटीवाले सर म्हणतात, "सर, सिस्टीममध्ये गेलं की गेलं." का? त्यांचं नव्हतं गेलं? "त्यांच्याकडे रेकॉर्ड आहे सर."

म्हणजे टॅबच्या ट्रेनिंगमध्ये जिंकला कोण, तर पाकीट. आणि असं असेल तर पैसे कशाचे घेता राव? दप्तर हलकं होणार म्हणाले होते. पुस्तकं तीच, वह्या त्याच, वर हा अर्धा किलो, शिवाय चार्जर, शिवाय ते गेंड्याच्या कातडीचं कव्हर. २०२० च्या केंद्राच्या दप्तर धोरणात लिहिलंय, दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत पाहिजे. आमचं ध्यान २८ किलो. रविवारी मी दप्तर बॅगा मोजायच्या काट्याला लटकवलं, ४ किलो ६००. ग्रुपवर फोटो टाकला तर अकरा जणांनी अंगठा दिला आणि एकाने विचारलं, काटा कुठून घेतला.

पोरगा दोन दिवस बोलत नव्हता. काल रात्री बोलला. "बाबा, कासव माझ्या प्रोफाइलला आलंय. वर्षभर राहणार. पुढच्या शनिवारी आईला पाठव."

आई आतून म्हणाली, मला वेळ नाही, अर्ध्या कैऱ्या अजून फोडायच्या राहिल्यात.