तेंडुलकरांच्या नावानं फिरणाऱ्या त्या मेसेजला एकदाचं उत्तर

परवा ताईचा फोन, म्हणे पोरीला दुसरं नाटक शोधून दे. पोरगी म्हणजे माझी भाची, इथेच इंदूरला कॉलेजात आहे, स्पर्धेसाठी 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधला एक भाग बसवून राहिली आहे, त्यातली मुख्य भूमिका, बेणारे, तीच करतेय. एकदम काय झालं विचारलं तर ताईनं एक हातभर लांब फॉरवर्ड पाठवला. 'तरुण पिढी बिघडवणारा नाटककार', विजय तेंडुलकरांवर. रामबाग, लोकमान्यनगर, जिथे जिथे मराठी ग्रुप आहे तिथे तो फिरून राहिलाय. बाबा डिक्यांच्या नाट्यभारती या नाट्यसंस्थेचं गाव हे, आणि इथली माणसं नाटकाबद्दल असलं काही वाचून खाली हात जोडलेले इमोजी टाकतात.

मुद्दे पाच आहेत. 'सखाराम बाइंडर' बघून पुण्यातल्या पोरांनी जोशी-अभ्यंकर खून केले. बाइंडरवर कोर्टानं बंदी घातली. 'शांतता' म्हणजे गर्भपाताचा प्रचार. 'घाशीराम कोतवाल' म्हणजे खोटा इतिहास. आणि पाचवा, म्हणजे या सगळ्याची शिक्षा देवानं त्यांना घरातली माणसं नेऊन दिली. पाचव्यावर येतोच.

पहिला मुद्दा. ते खून जानेवारी 1976 ते मार्च 1977 मधले, दहा माणसं मारली, मारणारे कमर्शियल आर्टचे विद्यार्थी, चौघांना 27 नोव्हेंबर 1983 ला येरवड्यात फाशी झाली. सुरुवात झाली त्यांच्याच एका मित्राला बापाकडून पैसे उकळायला पळवून नेण्यापासून, पुढे घरात शिरून लूट आणि मागे साक्षीदार उरू नये म्हणून सगळं कुटुंब संपवणं. यात बाइंडर कुठून आला? नाटकात सखाराम त्याच्या घरात राहणाऱ्या चंपाचा गळा दाबतो आणि त्यानंतर तोच थिजून उभा राहतो, प्रेत पुरायची घाई त्याच घरातल्या दुसऱ्या बाईला, देवभोळ्या लक्ष्मीला असते. हे बघून कुणाला दरोडा घालावासा वाटेल? बरं, तारखा तरी बघायच्या. तेंडुलकरांना 1974-75 ची नेहरू फेलोशिप मिळाली तिचा विषयच होता समाजात वाढत चाललेली हिंसा आणि आजच्या रंगभूमीशी तिचा संबंध. म्हणजे पुण्यात पहिला खून व्हायच्या आधीच हा माणूस विचारत होता की आपल्याकडे हिंसा का वाढतेय, आणि मेसेजवाल्यानं त्यालाच आरोपी केला.

कोर्टाची बंदी, हे तर चक्क उलटं. अडवलं सेन्सॉरनं, दिग्दर्शक कमलाकर सारंग हायकोर्टात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूनं लागला. सारंगांनी 'बाइंडरचे दिवस' नावाचं अख्खं पुस्तक लिहिलंय यावर, कुठल्याही बऱ्या मराठी लायब्ररीत विचारा. पुढे.

'शांतता'वाला मुद्दा लिहिणाऱ्यानं नाटक वाचलेलं नाही हे पहिल्या ओळीतच कळतं. 1967 चं नाटक. हौशी नटांची टोळी वेळ घालवायला खोटा खटला खेळते, आरोपी त्यांच्यातलीच शिक्षिका लीला बेणारे, आरोप भ्रूणहत्येचा. खेळता खेळता सगळे तिच्या खऱ्या आयुष्यावर तुटून पडतात, लग्न झालेलं नाही आणि पोटात मूल आहे, आणि ज्याचं आहे तो प्रोफेसर दामले अख्ख्या नाटकात स्टेजवर येतसुद्धा नाही. शेवटी न्यायाधीश झालेले काशीकर निकाल काय देतात माहितीये? तिच्या पोटातला गर्भ नष्ट करावा! ज्या गोष्टीसाठी तिला पिंजऱ्यात उभं केलं तीच शिक्षा म्हणून, आणि ती आकांतानं नाही म्हणते कारण तिला ते मूल हवंय. प्रचार कोण करतंय इथे, बेणारे की ते सभ्य लोक? शाळकरी वयात सख्ख्या मामानं तिला फसवलेलं असतं तेही तिच्या स्वगतात येतं. (मी स्वतः मामा आहे, तिथे मलाही अवघडायला होतं. होऊ दे.) एकोणीस-वीस वर्षांच्या मुलींना हे वाचू द्यायचं नाही तर कुणाला द्यायचं?

'घाशीराम'बद्दल अर्धं खरं आहे, नाइलाजानं मान्य करतो. घाशीराम सावळदास खरा, पुण्याचा कोतवाल होता, कोठडीत ब्राह्मण गुदमरून मेले आणि 1791 मध्ये लोकांनी त्याला मारलं हेही खरं. पण मुलगी नाना फडणवीसांना देऊन कोतवाली घेतली हे नाटककाराच्या मनातलं. नाटक ऐतिहासिक नाही हे तेंडुलकरांनी स्वतः लिहून ठेवलंय, तरी ज्यानं नाना फडणवीस फक्त या नाटकातच पाहिलेत त्याच्या डोक्यात तेच नाना बसणार, हे गाऱ्हाणं मी खोटं म्हणणार नाही. तेंडुलकरांच्याच 'कन्यादान'मध्ये दलित नवरा बायकोला मारतो, त्या चित्रणावर दलित वाचकांनी घेतलेला आक्षेपही असाच, वजनदार आहे, पण तो या मेसेजवाल्याला माहीतच नाही.

आता पाचवा. तेंडुलकरांची पत्नी आणि मुलगा 2001 मध्ये गेले, आणि 2002 मध्ये मुलगी प्रिया, टीव्हीवरची आपली 'रजनी'. सत्तरी ओलांडलेल्या माणसानं लागोपाठ तीन मरणं पाहिली आणि 19 मे 2008 ला तोही गेला. यावर मेसेजमध्ये लिहिलंय, 'देवाच्या घरी उशीर आहे, अंधार नाही.' अरे काय उशीर, नाटकं साठ-सत्तरच्या दशकातली, मध्ये 1984 ला पद्मभूषण मिळालं, ज्या 'कन्यादान'साठी त्यांच्यावर चप्पल फेकली गेली त्याच नाटकाला सरस्वती सन्मान मिळाला, तेव्हा देव काय वही शोधत होता?

पण थट्टा सोडा. आमच्या बिल्डिंगमध्ये एक काकू आहेत, त्यांचा तरुण मुलगा गेला. त्या याच ग्रुपवर आहेत, निळी टिक झालेली मी पाहिली. मूल जाणं म्हणजे आईबापाच्या पापाची शिक्षा, असं त्यांनी सकाळी सकाळी चहाबरोबर वाचलं. त्यांनी कुठलं नाटक लिहिलं होतं? तेंडुलकरांना आता काही फरक पडत नाही हो, ते गेले. काकू आहेत, आणि खाली एकोणीस जण नमस्कार करून मोकळे झालेत.

ग्रुपच्या अ‍ॅडमिनला फोन करून सांगितलं की निदान तो मुद्दा तरी काढ. तो म्हणे जाऊ द्या ना दादा, आला तसा पुढे पाठवला, सगळेच पाठवून राहिलेत. म्हटलं ठीक, मग हेही पाठव, एक ओळ न कापता.