एक रुपयाचं तिकीट आणि कायद्यात अडकलेले दहा नवे पैसे

ऑफिसातून घरभाड्याच्या पावत्या मागितल्या की रेव्हेन्यू स्टॅम्पची शोधाशोध सुरू होते. पोस्टात 'संपलेत', स्टेशनरीवाल्याकडे एक रुपयाचं तिकीट पाच रुपयांना. सगळे दुकानदाराला शिव्या घालतात. माझ्या मते खरा घोळ कायद्याच्या एका ओळीत आहे.

आधी तिकीट कधी लागतं ते बघू. पावतीची रक्कम 5000 रुपयांच्या वर असेल तरच, आणि तेही फक्त एक रुपयाचं. रक्कम पन्नास लाख असली तरी एकच रुपया. 1994 पर्यंत हे शुल्क 20 पैसे होतं. 5000 ची मर्यादा 2004 मध्ये आली, त्याआधी ती 500 होती. पावतीचा दर केंद्राच्या हातात असल्यामुळे मुंबईत एक आणि पाटण्यात दुसरा, असं होत नाही.

'चेकने पैसे दिले तर तिकीट लागत नाही' हे सर्रास ऐकू येतं. 1899 च्या भारतीय मुद्रांक कायद्यात पावतीची व्याख्या वाचा. रोख रकमेबरोबर चेक मिळाल्याची पोचही त्यात स्पष्ट लिहिली आहे. दुसरी हुशारी म्हणजे 12,000 ची एक पावती करण्याऐवजी 4,000 च्या तीन करायच्या. शुल्क चुकवण्यासाठी रक्कम अशी तोडली तर कलम 65 खाली शंभर रुपयांपर्यंत दंड आहे. एक रुपया वाचवायला शंभराची जोखीम!

सगळ्यात जास्त चुका होतात त्या तिकीट लावताना. तिकीट कोपऱ्यात चिकटवतात आणि सही शेजारी ऐसपैस करतात. कलम 12 प्रमाणे तिकीट रद्द झालं पाहिजे, म्हणजे पुन्हा वापरता येऊ नये. सही तिकिटावरून जाऊन कागदावर उतरली पाहिजे, सोबत तारीख हवी. दोन तिकिटं लावली असतील तर दोन्ही रद्द व्हायला हवीत. एक जरी कोरं राहिलं तरी तेवढ्यापुरता कागद बिनतिकिटाचा धरला जातो. जुन्या पावतीचं तिकीट वाफेवर सोडवून नव्या पावतीवर लावणं हा तर सरळ फौजदारी गुन्हा. पोस्टाचं तिकीटही पावतीला चालत नाही. 1906 नंतरच्या अर्ध्या आण्याच्या आणि एक आण्याच्या तिकिटांवर 'पोस्टेज अँड रेव्हेन्यू' असं दोन्ही छापलेलं असायचं, तेव्हा एकच तिकीट दोन्हीकडे चालायचं. ती सोय गेली.

पावतीवर तिकीट नसेल तर जग बुडत नाही. ज्यानं पावती दिली त्याच्याविरुद्ध ती कोर्टात दाखवायची असेल तर एक रुपया दंड भरून दाखल करता येते, कलम 35 मध्ये तशी तरतूदच आहे. प्रॉमिसरी नोटला, म्हणजे पैसे परत देण्याच्या लेखी वचनाला, मात्र ही माफी नाही. लिहिताना तिकीट नसेल तर नंतर चिकटवून किंवा दंड भरून ती पुराव्यात येत नाही. हातउसने देणाऱ्यांनी हे डोक्यात पक्कं बसवावं. तिथं एवढंसं तिकीट नसणं अख्ख्या रकमेच्या वसुलीवर पाणी फिरवू शकतं.

आता विक्रीचं. परवानाधारक मुद्रांक विक्रेत्याला दर्शनी किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेता येत नाही, त्याचा मोबदला सरकारी कमिशनमधून येतो. आणि परवाना नसताना मुद्रांक विकले तर कलम 69 खाली सहा महिन्यांपर्यंत कैद, 500 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. पण त्याच कलमात एक अपवाद आहे: दहा आणि पाच नव्या पैशांची चिकट तिकिटं कोणीही विकू शकतो. पूर्वी तिथं एक आणा आणि अर्धा आणा होता. त्या काळी पावतीला लागायचं ते एक आण्याचंच तिकीट, म्हणजे ते वाण्याच्या दुकानात मीठ-मिरचीसोबत मिळावं हाच त्यामागचा हेतू दिसतो. दशमान नाणी आल्यावर आण्याचे नवे पैसे झाले आणि गाडी तिथंच अडकली. शुल्क 20 पैसे झालं, मग रुपया झालं, पण सूट दहा पैशांवरच. 30 जून 2011 पासून 25 पैसे आणि त्याखालची नाणी चलनातूनही गेली!

याचा अर्थ, कोपऱ्यावरचा स्टेशनरीवाला परवान्याशिवाय एक रुपयाचं तिकीट एक रुपयालाच विकत असला, तरी कागदोपत्री गुन्हेगार. परवान्याशिवाय विकणारा जोखमीचे पैसे लावणारच. आणि परवानेवाल्याला रुपयामागे मिळणारं कमिशन इतकं चिल्लर की तो ही तिकिटं ठेवायला उत्सुक नसतो.

तेलगी प्रकरणानंतर मुद्रांकविक्रीवर कडक नजर हवी हे मान्य. पण बनावट मुद्रांकांतली कमाई मोठ्या रकमेच्या कागदांत असते. एक रुपयाच्या तिकिटाला तोच परवाना कशाला? कलम 69 मध्ये, आणि विक्रीचे नियम करण्याचा अधिकार देणाऱ्या कलम 74 मध्येही, 'दहा नवे पैसे' खोडून 'एक रुपया' लिहा. किराणा, झेरॉक्स, पानटपरी, कुठंही मिळू दे. हे जमणार नसेल तर पावतीवरचं शुल्कच काढून टाका.